रामा ग्रीन आणि काळा

ड्रेपरीतलं शिवणकाम वेगळं आणि बाहेरचं वेगळं, हे शिवणाऱ्यांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नसतं. नाटकांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना, गणपतीतल्या कार्यक्रमांना आणि मिरवणुकीतल्या चित्ररथांना भाड्यानं कपडे पुरवणाऱ्या पुण्यातल्या एका ड्रेपरीच्या दुकानासाठी मी बरीच वर्षं शिवत होते. तिथं पहिला धडा मिळतो तो अंतराचा. कपडा पंधरा-वीस फुटांवरून, दिव्यांच्या झोतात दिसणार. तिथून जे दिसत नाही त्यावर दोरा खर्च करायचा नाही. अंगरख्याची पुढची बाजू साटिनची, पाठ रंगवलेल्या मांजरपाटाची. काजं करत बसायचं नाही, आतून टिचबटणं लावायची, कारण दोन प्रवेशांच्या मध्ये नटाला कपडे बदलायला जेमतेम मिनिट-दीड मिनिट मिळतं. माया मात्र सढळ ठेवायची, चांगली दोन-दोन इंच, कारण या शनिवारचा शिडशिडीत संभाजी पुढच्या शनिवारी दुसऱ्या संस्थेत चव्वेचाळीस छातीचा असतो. असा कपडा आतून बघवत नाही. लोंबणारे दोरे, उसवून पुन्हा घातलेल्या शिवणी, वेगवेगळ्या अंगांच्या घामाचे डाग. आमचे मालक म्हणायचे, आतून कोण बघतंय? आणि खरंच कुणी बघत नव्हतं.

या शिस्तीत हात तयार झालेल्या बाईकडे माझी भाची कॉस्प्लेचा पोशाख मागायला आली.

भाची इंजिनिअरिंगला आहे. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे चित्रकथांच्या जत्रेला, तिला तांजिरो होऊन जायचं होतं. कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख अंगावर चढवून दिवसभर ते पात्र होऊन वावरायचं, एवढं मला आधीपासून माहीत होतं. शाळेच्या फॅन्सी ड्रेसचंच थोरलं भावंड, अशी माझी समजूत होती. तांजिरो कोण, हे तिनं सांगितलं. कोयोहारू गोतोगे यांची 'डेमन स्लेयर' ही चित्रकथा जपानमध्ये २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून क्रमशः आली, २०१९ मध्ये तिची ॲनिमेशन मालिका झाली आणि मग चित्रपट. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यातला 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे लागला तेव्हा भाची भल्या पहाटेचा खेळ बघून आली होती. कथेचा काळ तैशो, म्हणजे १९१२ ते १९२६ दरम्यानचा. डोंगरात कोळसा विकणाऱ्या घरातला मुलगा, घरच्यांना राक्षसांनी मारलं, वाचलेली बहीण राक्षस झाली, आणि तिला पुन्हा माणूस करायचं म्हणून हा तलवार घेऊन निघाला. त्याच्या अंगात गडद रंगाचा बंद गळ्याचा गणवेश आणि त्यावर हिरव्या-काळ्या चौकडीचा हाओरी. हाओरी म्हणजे किमोनोवर घालायचा, पुढून उघडा, मांडीपर्यंत येणारा झगा.

तयार मिळतो की हा, मी म्हटलं. तिनं मैत्रिणीचा तयार हाओरी पिशवीतून काढून माझ्यापुढे टाकला. पॉलिस्टरवर छापलेली चौकडी. लांबून बरा. जवळून पाहिलं तर खांद्याच्या शिवणीत चौकोन अर्ध्यात चिरलेले, बगलेत हिरव्याला हिरवा भिडलेला, बाही आणि अंगाच्या चौकडीची एकमेकींशी ओळखच नाही. कारखान्यात छापील ताग्यावर थप्पी लावून कापलं की असंच होणार. भाची म्हणाली, "आत्या, फोटोत हे लगेच कळतं गं. लोक झूम करून बघतात." माझं पंधरा-वीस फुटांचं गणित तिथंच कोसळलं. रंगमंचावरच्या कपड्याला प्रेक्षक हात लावत नाहीत. इथं बघणारे हातभर अंतरावर असतात, त्यांच्या हातात कॅमेरा असतो, आणि त्यातले निम्मे स्वतः शिवणारे असतात.

मग मालिका बघायला बसलो. ती गोष्ट बघत होती, मी चुण्या. दर दोन मिनिटांनी थांबव म्हणायचे. लवकरच एक लक्षात आलं की चित्राला शिवण नसते. चित्रकार चौकडी काढतो, कपडा काढत नाही. बाही अंगाला कुठे जोडली, गळपट्टी कशी वळली, बगलेत काय, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. चित्रागणिक चौकोन लहान-मोठे होतात. पात्र उडी मारतं तेव्हा कापड हवेत पसरतं आणि जमिनीवर आलं की चापूनचोपून बसतं. वजन नावाची गोष्टच नाही. एखाद्या ऐतिहासिक नाटकासाठी शिवताना जुनी चित्रं, पोवाड्यातली वर्णनं, कुणाच्या घरातली पगडी असं काहीतरी खऱ्या कपड्यापर्यंत नेणारं हाताशी असतं. इथं मूळ कपडाच नाही, नुसतं चित्र. म्हणून मी ठरवलं की चित्राची नक्कल करायची नाही. तैशो काळातल्या एखाद्या शिंप्यानं या मुलासाठी हाओरी शिवला असता तर कसा शिवला असता, तसा शिवायचा.

आणि जपानी कपड्याची बांधणी बघितली तेव्हा काम सुचायला लागलं. किमोनोचा तागा अरुंद असतो, साधारण छत्तीस-अडतीस सेंटिमीटर पन्ह्याचा आणि बाराएक मीटर लांबीचा. त्यातून सरळ पट्ट्याच कापतात. मुंढ्याचा गोल नाही, कळी नाही, उरेब नाही. जादा कापड कापून टाकत नाहीत, आत दुमडून ठेवतात. अंगाच्या दोन पट्ट्या खांद्यावरून पुढून मागे सलग जातात, त्यामुळे खांद्याला शिवण नसते. सगळं हातानं, साध्या धावदोऱ्यानं शिवलेलं असतं, कारण पूर्वी कपडा धुवायचा म्हणजे उसवून, पट्ट्या सरळ करून, धुऊन-ताणून वाळवायचा आणि पुन्हा शिवायचा अशी रीत होती. उसवण्यासाठीच शिवलेला कपडा. ड्रेपरीत आम्हीही उसवायची सोय ठेवूनच शिवत होतो, पण कारणं किती निराळी!

चौकडीची हकीकत तर माझ्याच धंद्यातली निघाली. जपानीत या नक्षीला इचिमात्सु म्हणतात, ते अठराव्या शतकातल्या एका काबुकी नटाच्या नावावरून. सानोगावा इचिमात्सु यानं एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रंगमंचावर अशा चौकडीची हाकामा, म्हणजे घेरदार विजार, घातली आणि ती गावभर पसरली. नटाचा पोशाख बघून लोकांनी कपडे बदलावेत यात मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. बालगंधर्वांच्या साड्या आणि दागिने बघून घराघरांतल्या बायका नटत होत्याच. म्हणजे नाटकातून गावात, गावातून चित्रकथेत आणि तिथून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर, असा या चौकडीचा प्रवास. भाचीनं आणखी एक सांगितलं. प्रकाशकांनी पात्रांच्या नक्ष्यांसाठी व्यापारचिन्हाचे अर्ज केले, तेव्हा जपानच्या पेटंट कार्यालयानं २०२१ मध्ये तांजिरोच्या चौकडीचा अर्ज नाकारला. मला ते बरं वाटलं. चौकडीवर कुणाची मालकी कशी असेल?

कागदावर हिशेब मांडला. तयार चौकोन चार इंची, चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणून कापायचा साडेचार इंची. अंगाच्या दोन पट्ट्या, प्रत्येक तीन चौकोन रुंद, नऊ चौकोन पुढे, नऊ मागे. बाह्या तीन रुंद, पाच पुढे, पाच मागे. सगळे मिळून १६८, निम्मे हिरवे, निम्मे काळे. गळपट्टीचे वेगळे. खांद्याची घडी चौकोनांच्या जोडावरच ठेवली, तर पुढचा पहिला चौकोन हिरवा आणि मागचा पहिला काळा येतो, आणि मग बगलेखाली पुढची-मागची बाजू जोडताना प्रत्येक ओळीत हिरव्याशेजारी आपोआप काळाच येतो. बाहीच्या खालच्या शिवणीतही तेच. गळ्याला कात्री लावायची गरज नाही, खांद्याच्या ओळीतल्या मधल्या जोडाची शिवण तीनेक इंच उघडी ठेवली की गळा झाला. खऱ्या हाओरीत अंगाच्या दोन्ही बाजूंना एक निमुळती जादा पट्टी असते, आपल्या पैरणीच्या बगलेत तुकडा घालतात तशी घेरासाठी. ती मी गाळली. ती घातली असती तर चौकडी तुटली असती, आणि तांजिरोच्या हाओरीत चौकडी सलग दिसायलाच हवी. चित्राची बाजू घेतली ती एवढ्या एकाच ठिकाणी.

हिरवा कुठला, यावर आमची खूप चर्चा झाली. फोनवर एक हिरवा, लॅपटॉपवर दुसरा, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिसरा. ब्लाउजपीसच्या मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. हे दुकान म्हणजे रंगांचा कोश आहे, आणि तिथला माणूस बायकांच्या साडीच्या काठाला नुसतं बघून छटा काढून देतो. भाचीनं त्याच्यापुढे फोन धरला. त्यानं फोनकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "रामा ग्रीन," म्हणाला आणि गठ्ठ्यातून टू बाय टूचे तीन तुकडे ओढून काढले. शेवाळी नाही, बॉटल ग्रीन नाही, मोरपंखीपेक्षा हिरव्याकडे झुकलेला. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नसतो, म्हणून तिन्ही तुकडे घेऊन पायरीवर उन्हात आलो. मधला ठरला. काळाही त्याच पोताचा घेतला. दोन्ही रंगांचं सूत एकाच जाडीचं हवं, नाहीतर एक चौकोन ताणतो आणि शेजारचा झोळतो. घरी आल्यावर दोन्ही कापडं वेगवेगळी मिठाच्या पाण्यात भिजवली. काळ्यानं पाणी शाईसारखं केलं. ते निवळेपर्यंत धुवत राहिलो, मग वाळवून इस्त्री, मग कात्री. ब्लाउजच्या कापडाचा जपानी झगा, यावर भाचीची आई बराच वेळ हसत होती.

मशीन घरात असताना हातानं का, असंही भाचीच्या आईनं विचारलं. मशीनचा दात खालचं कापड ओढतो आणि वरचं किंचित मागे राहतं. लांब शिवणीत ते खपून जातं. चार चौकोनांची टोकं एका बिंदूत यायची असतात तिथं धाग्याएवढी चूक चौकडीभर दिसते. हातानं शिवताना बोटाला कळतं. त्यासाठी मायेची दिशा आधी ठरवावी लागते. प्रत्येक जोडाची माया काळ्या चौकोनाच्या बाजूला पाडायची. एक तर काळ्याखाली ती दिसत नाही, हिरव्याखाली सावली पडते. दुसरं म्हणजे शेजारच्या दोन ओळी समोरासमोर आल्या की एकीची माया डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे, अशा त्या एकमेकींत बसतात. अंगठा आणि तर्जनीत जोड धरून हलवला की कड कडेला अडकल्याचं जाणवतं. तिथं टाचणी, तिथूनच टाका. डोळ्यांनी बघायची फारशी गरज राहत नाही.

धावदोरा घालायची जपानी रीत आमच्या गोधडीवाल्या बायकांना लगेच कळेल. सुई पुढे न्यायची नाही. सुई धरून ठेवायची आणि कापड वर-खाली हलवत तिच्यावर चढवायचं. सुईवर दहा-बारा टाके गोळा झाले की दोरा ओढायचा आणि कापड बोटांनी निपटून सपाट करायचं. अंगुस्तान आपण बोटाच्या टोकावर घालतो, तिथं मधल्या बोटाच्या पेराशी अंगठीसारखं घालतात आणि सुईचं मागचं टोक त्यावर टेकवतात. मी ते जमवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. या वयात हाताची सवय मोडत नाही, आणि टाका सरळ आल्याशी कारण. दोरा हातभरच घ्यायचा, मेणावरून ओढून. भाचीला आधी लांबलचक दोरे ओवायची घाई असायची, गाठी सोडवता सोडवता ती आपोआप आखूड घ्यायला लागली.

हो, तीही शिवत होती. डावी बाही तिची, उजवी माझी. कारण तिला आधी कॉमिक कॉनमधल्या स्पर्धेत उतरायचं होतं, आणि अशा स्पर्धांमध्ये सहसा नियम असतो की घालणाऱ्यानं पोशाख स्वतः केलेला असावा. सगळं स्वतः केलं असं लिहायला ती तयार नव्हती, म्हणून तिनं स्पर्धेचा विचार सोडला. पण सुई हातातून सोडली नाही. नियम चांगला आहे असं माझं मत. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथं फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस ही जोडी भविष्यातल्या माणसांचे पोशाख घालून गेली. ही कॉस्प्लेची सुरुवात मानतात. दोघांचेही पोशाख मर्टलनं केले होते आणि कितीतरी वर्षं मान मिळाला तो फॉरेस्टला. शिवणाऱ्या बाईचं नाव मागे पडायला जपान काय, अमेरिका काय आणि आमची पेठ काय.

आतला गणवेश त्यामानानं ओळखीचा. तो जपानी शाळकरी मुलांच्या गाकुरानवरून घेतलेला आहे आणि गाकुरान युरोपी लष्करी कोटावरून. म्हणजे आपल्या बंदगळ्याचाच नातेवाईक. सूटिंगचं कापड, कॉलरला कॅनव्हास. खाली हाकामाचीच एक आटोपशीर जात, पोटऱ्यांशी आवळलेली. ते सगळं मशीनवर झालं आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एक गोष्ट सोडून. या गणवेशाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात एक मोठं अक्षर असतं, नाश करणे अशा अर्थाचं. भाचीला ते पॅचवर्कनं लावायचं होतं. मी म्हटलं, अगं, वरून हाओरी घालणार, दिवसभर काढणार नाहीस, कोण बघणार ते अक्षर? ती म्हणाली, "पण ते तिथं असतं ना." या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. ड्रेपरीत असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही चहा पितापिता आठवडाभर हसलो असतो. तिनं ते अक्षर कागदावर काढून, कापडावर उतरवून, कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी लावलं. दोन संध्याकाळी लागल्या. मी तिला अडवलं नाही आणि मदतही केली नाही.

मग अस्तराचा प्रश्न आला. जोडकामाच्या कापडाला आतून मायांची जाळी असते, ती गणवेशाच्या कापडावर अडकते आणि हाओरी खांद्यावर नीट उतरत नाही. आत गुळगुळीत काहीतरी हवं. दुकानातलं अस्तराचं टेरिकोट चाललं असतं. पण वाचता वाचता कळलं होतं की एदो काळात सामान्य नागरिकांच्या चैनीवर सरकारी निर्बंध आले तेव्हा पैसेवाल्या पुरुषांनी वरून साधे हाओरी घालून सगळी श्रीमंती अस्तरात नेली. आत रंगवलेलं रेशीम, डोंगर, समुद्र, वाघ. हाओरी काढून ठेवताना क्षणभर दिसायचं तेवढंच. मला हे फार आवडलं. कपाटात माझी एक जांभळी नारायणपेठ होती, घड्यांवर विरलेली, नेसण्याजोगी न राहिलेली. विरलेला भाग टाळून पट्ट्या काढल्या, काठ आतल्या बाजूला दोन्ही समोरच्या कडांना उभे घेतले. अस्तर वरच्या कापडापेक्षा किंचित सैल ठेवावं लागतं, नाहीतर ते वरच्या कापडाला आत ओढतं आणि कड कुरळते. उभं टांगून, रात्रभर वजनानं उतरू देऊन मगच खालची दुमड घातली. घोळ मी एकटीनं शिवला, कुणाला हात लावू दिला नाही.

कानातले, कपाळावरची खूण, लालसर केसांचा टोप, हलकी तलवार हे भाचीच्या मित्रमंडळींनी केलं. कानातल्यांवर लाल सूर्याचं चित्र आहे. त्याचे किरण जपानी लष्कराच्या जुन्या झेंड्यासारखे दिसतात म्हणून कोरियात मालिका दाखवताना ते बदलून आडव्या रेघा केल्या होत्या, हे मला नवीन होतं. एवढ्याशा कानातल्यात केवढा इतिहास लटकतो.

कॉमिक कॉनला मीही गेले. भारतात ही जत्रा २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाली, आता मुंबईत तिला जी गर्दी होते ती बघून आमच्या जुन्या मालकांना घाम फुटला असता. तिथं किती तांजिरो होते म्हणून सांगू! बहुतेक छापील चौकडीचे, आणि मजेत होते. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, हौस पूर्ण झाली म्हणजे झालं. काही जणांनी फोमशीटच्या चिलखतांना असा गंज चढवला होता की बोट लावून बघितल्याशिवाय खरं वाटेना. मी भाचीच्या मागे पिशवी घेऊन चालत होते, सुई-दोरा आणि टाचण्या घेऊन, जन्मभर विंगेत उभी राहिले तशी. पण इथं विंगच नव्हती. फोटो काढणारे आधी फोटो काढत आणि मग जवळ येत. एका मुलीनं बाही हातात घेतली, चौकोनांच्या जोडावरून बोट फिरवलं आणि सरळ विचारलं, माया कुठे पाडलीत? मी सांगितलं. मग तिनं परवानगी मागून समोरची कड उलटली आणि नारायणपेठेचा काठ बघून मैत्रिणींना हाका मारल्या. पाच-सहा पोरंपोरी त्या अस्तराभोवती वाकून उभी राहिली. कुणीतरी विचारलं, आत गणवेशावर अक्षर आहे का? भाचीनं माझ्याकडे न बघता हाओरी उतरवून पाठ दाखवली.

तिथल्याच एका मुलानं माझा नंबर घेतला. त्याला त्याच मालिकेतल्या रेंगोकूचा हाओरी हवा आहे. पांढरा, खाली ज्वाळांसारखा पिवळा-तांबडा घेर. किती घ्याल, असं त्यानं फोनवर विचारलं आणि मी अडले. ब्लाउजचा दर असतो, ड्रेपरीत नगावर पैसे मिळायचे. हातशिलाईचा दर मी कधी लावलाच नव्हता. भाचीच्या कामाचे तास धरले असते आणि घरकामाला येणाऱ्या मावशींच्या तासाएवढा जरी दर लावला असता, तरी त्या एका हाओरीत छापील डझनभर आले असते. त्या मुलाला मी हे असंच सांगितलं. तो म्हणाला, मग अर्धं मी शिवतो. त्याला सुई धरता येते का हे अजून बघायचं आहे. ज्वाळांचं मात्र माझ्या डोक्यात सुरू झालंय. पॅचवर्क केलं तर घेर जड होऊन ताठ राहील आणि ज्वाळा हलणारच नाहीत. कापड रंगवायचं तर तांबड्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून पांढऱ्यात जाताना ओल कुठवर चढू द्यायची ते कापडागणिक बदलणार. त्याला म्हटलंय, दर नंतर ठरवू, आधी तीन जातींचं पांढरं सुती कापड अर्धा-अर्धा मीटर घेऊन ये, धुतलेलं.